लोणारचे कणभर निकेल

(प्रस्तावना)

काही वर्षांपूर्वी, उन्हाळा नुकता लागलेला असताना, लोणारच्या विवराच्या काठाबाहेर एका शेताच्या बांधावर मी भिंग घेऊन माती पाहत बसलो होतो. शेताचे मालक बराच वेळ मागे उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी विचारले, "काय सापडलं भाऊ? सोनंगिनं आहे काय?" मी म्हणालो, "सोनं नाही काका. निकेल असलं तर असेल." "ते काय असते?" मी म्हणालो, "तुमच्या घरच्या स्टीलच्या भांड्यांत असतं ते." काका क्षणभर गप्प राहिले आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मंग इथं खाण निघन काय?"

त्या प्रश्नामागची काळजी मला चांगली समजत होती. खाण निघाली तर जमीन जाते, पैसा येतो, पाणी आटते, गाव हलते. मी त्यांना सांगितले की इथे कधीही खाण निघणार नाही, कारण ते निकेल गोळा करायचे म्हटले तर ओंजळभरसुद्धा हाती लागणार नाही. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता: "मंग एवढ्या उन्हात ते पाहून राह्यले कायले?"

मी उत्तर दिले, पण ते धड नव्हते. पृथ्वीचा गाभा, आकाशातला दगड, वितळलेला बेसाल्ट या साऱ्याची सरमिसळ झाली आणि काका सौजन्याने मान हलवत राहिले. हे पुस्तक म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. म्हणून त्याची प्रस्तावनाही त्या बांधावरूनच सुरू केली.

विषय दिसायला फार छोटा आहे. लोणारच्या विवराच्या काठावर, विवरातून उडून बाहेर पडलेल्या राडारोड्यात, काचेचे बारीक कण सापडतात. रव्याच्या कणाएवढे, मोठ्यात मोठे राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. मापात सांगायचे तर ०.३ ते १ मिलिमीटर. या कणांत आजूबाजूच्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी जास्त निकेल आहे. निकेलचा एवढा लहान साठा जगात दुसरा क्वचितच कोणी अभ्यासला असेल. पण लोणारला कोण आले होते, याचे उत्तर ज्या मोजक्या पुराव्यांत आहे त्यांत हा पुरावा पहिल्या रांगेतला आहे. बाजारात त्याला किंमत नाही. साक्षीदार म्हणून मात्र तो अमोल आहे.

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला जिल्हा दोन शब्दांत वाटून टाकतो: घाटावर आणि घाटाखाली. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा ही घाटाखालची, पूर्णेच्या खोऱ्यातली, खोल काळ्या मातीची गावे. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा आणि लोणार ही घाटावरची. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन मजले केले आहेत. पण वरचा मजला असो की खालचा, मुळाशी दगड एकच: बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. महाराष्ट्राच्या गडांना पायऱ्यापायऱ्यांचा जो आकार आहे तो या थरांनीच दिला. दख्खनच्या या लाव्ह्याने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे.

या अवाढव्य, एकसुरी काळ्या पसाऱ्यात लोणारला एकच वाटोळा खड्डा आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली काठापासून दीडशे मीटरच्या आसपास, आणि तळाशी खारे पाणी. काठ भोवतालच्या शेतांपेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे. धारेजवळून खाली उतरू लागले की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही की, भिंतीतले लाव्ह्याचे थर आडवे नाहीत. दख्खनमध्ये ते जवळजवळ आडवे असायला हवेत, सगळीकडे तसेच असतात. इथे ते तळ्यापासून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आणि काही ठिकाणी तर पार उलटे दुमडलेले. एखाद्या परातीतल्या घट्ट पिठात मूठ मारावी आणि कडा वर उठून बाहेर वळावी, तसे. ज्याला भूशास्त्राचे एक अक्षर येत नाही त्यानेही हे थर पाहावेत. लोणारची अर्धी कहाणी त्या उतरत्या रेघांत लिहिलेली आहे.

उरलेली अर्धी कहाणी निकेलमध्ये आहे. ती समजण्यासाठी आधी हे पाहावे लागते की पृथ्वीचे निकेल गेले कुठे.

पृथ्वी तयार होताना ती मोठ्या प्रमाणात वितळली. लोखंड जड, ते खाली बुडाले आणि मध्यभागी त्याचा गोळा झाला. निकेलची लोखंडाशी इतकी घट्ट जोडी आहे की बहुतेक निकेल त्याच्याबरोबर खाली गेले. इरिडियम, प्लॅटिनम, सोने यांचेही तेच झाले. वरच्या कवचाला उरले ते अगदी थोडे. लोणारच्या बेसाल्टमध्ये निकेलचे प्रमाण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास आहे. उलट, जे लघुग्रह कधी वितळलेच नाहीत, त्यांच्यात लोखंड आणि निकेल जिथल्या तिथे राहिले. अशा लघुग्रहांचे तुकडे पृथ्वीवर पडतात तेव्हा त्यांना कॉन्ड्राइट म्हणतात, म्हणजे दाणेदार अशनी. त्यांच्यात निकेल एक टक्का किंवा त्याहून थोडे अधिक असते. म्हणजे दहा लाखांत दहा हजारांच्या वर. आपल्या काळ्या दगडाच्या शंभरपट. म्हणून पृथ्वीच्या पाठीवर एखाद्या ठिकाणी अनपेक्षित निकेल दिसले, की भूशास्त्रज्ञाचे कान टवकारतात. हा माल घरचा नाही, बाहेरून आला आहे, असा संशय त्याला येतो.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, कारण घरचे निकेलही कधीकधी एका जागी साठते. सायबेरियात दख्खनसारखाच, पण त्याहून जुना, पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा लाव्ह्याचा पसारा आहे. त्याच्या एका कडेला नोरिल्स्क येथे जगातल्या सर्वांत समृद्ध निकेल खाणींपैकी काही आहेत. तिथला वितळलेला दगड वर येताना गंधकयुक्त थरांतून आला. गंधकाने निकेल, तांबे, पॅलॅडियम यांना आपल्याकडे ओढले आणि जड थेंबांच्या रूपात ते तळाशी जमले. दख्खनमध्ये असे जमलेले मोठे साठे सापडलेले नाहीत. इथले निकेल दगडात सारखे विखुरलेले राहिले, चिमूटचिमूट, कुठेच ढीग नाही. भारतात निकेलचा विचार होतो तो ओडिशातल्या सुकिंद्याच्या क्रोमाइट पट्ट्यात. तिथे कोट्यवधी वर्षांच्या पावसाने दगड कुजवून निकेल लाल मातीत साठवले आहे. बुलढाण्यात यांपैकी काहीही घडलेले नाही. म्हणूनच लोणारच्या काठावरचे जास्तीचे निकेल इतके बोलके ठरते. ते तिथे असण्याचे घरचे कारण सापडत नाही.

पण शास्त्र त्या निकेलपर्यंत पोचायला फार वेळ लागला, आणि त्या वाटचालीत लोणारच्या लोकांनी सांगितलेली कथा सर्वांत जुनी आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बिळात राहत होता. वर झाकण होते, त्यामुळे तो कोणाला दिसत नसे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवले आणि दैत्याला मारले. झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली; बिळाचे तळे झाले. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर या कथेचेच आहे. मी ही कथा शास्त्राची पूर्वसूचना म्हणून सांगत नाही. पण ज्यांनी ती रचली त्यांनी खड्डा नीट पाहिला होता, यात मला शंका नाही. हा खड्डा पाण्याने कोरलेला नाही, इथली जमीन एका झटक्यात उडाली आहे, आणि उडालेले दूरवर जाऊन पडले आहे, एवढे त्यांनी ओळखले होते.

तळ्याच्या क्षारांची ओळखही जुनी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त मेहकरजवळच्या या तळ्याची आणि काच-साबणासाठी लागणाऱ्या त्याच्या क्षारांची नोंद केली. पुढे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी ते क्षार वेगवेगळे ओळखले जात. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवर पाहिले आणि तेव्हापासून युरोपीय लेखनात ते ज्वालामुखीचे मुख ठरले. ते साहजिकही होते. सगळा मुलूखच लाव्ह्याचा. त्यात वाटोळे मुख दिसले तर दुसरे काय सुचणार? १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या एका विवराची चर्चा करताना लोणारशी त्याची तुलना केली. दोन्ही ठिकाणी वाफेचा स्फोट झाला असावा, असा त्यांचा कल होता. १९१२ मध्ये ला टूश आणि ख्रिस्टी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लोणारचा तपशीलवार अभ्यास केला. उत्तर त्यांनीही ज्वालामुखीतच शोधले.

अडचण एकच होती. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंडावला आणि लोणारचे विवर मात्र अगदी ताजे दिसते. सहा कोटी वर्षे पावसाने झिजवलेल्या पठारावर इतका धारदार काठ कसा टिकेल? १९६४ मध्ये लाफाँ आणि रॉबर्ट डीट्झ यांनी लोणार अशनीने घडले असावे का, असा प्रश्न थेट मांडला. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने मिळून तळ्याच्या तळाशी बोअर घेतले. शंभर मीटरच्या आसपास गाळ, त्याखाली चुरडलेला बेसाल्ट. त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट सापडले, आणि १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी 'सायन्स' नियतकालिकात ते प्रसिद्ध केले.

मॅस्केलिनाइटची गोष्ट दोन वाक्यांत सांगण्यासारखी आहे. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचे पांढुरके स्फटिक असतात. त्यांच्यावर अतिप्रचंड दाबाची लाट आदळली तर ते बाहेरून आपला आकार न सोडता आतून काच होतात. ज्वालामुखीला एवढा दाब जमत नाही. ही काच प्रथम ओळखली गेली ती १८७२ मध्ये, आणि तीही बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या एका अशनीत; तो दगड मंगळावरून आलेला आहे हे पुढे समजले. मंगळावरून आलेल्या दगडात प्रथम ओळखलेली ही खूण शंभर वर्षांनी लोणारच्या चिखलाखाली भेटावी, याचे मला अजूनही नवल वाटते. मंगळ आणि चंद्राचा बराच भाग बेसाल्टचा आहे, त्यामुळे बेसाल्टमध्ये आघाताने काय होते हे पाहायचे तर लोणारसारखी चांगली टिकलेली जागा पृथ्वीवर फार विरळा.

तर, आघात झाला हे १९७३ मध्ये पक्के झाले. पण आघात करणारा कोण, हे नाही. आणि इथे निकेलचा प्रवेश होतो.

सामान्य माणसाला वाटते की एवढा खड्डा पाडणारा दगड खाली पुरलेला असेल. एका हुशार माणसाने या समजुतीवर आपले आयुष्य खर्च केले. खाण अभियंता डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ पासून ॲरिझोनातल्या त्याच विवराखाली लोखंड आणि निकेलचा अजस्र गोळा शोधला. विवराभोवती निकेलयुक्त लोखंडाचे तुकडे सापडत होते, म्हणजे मोठा तुकडा आत असणारच, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे बोअर पाडले. विवर अशनीचे आहे हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. गोळा मात्र कधीच मिळाला नाही. १९२९ मध्ये गणिताने दाखवून दिले की तिथे काढण्याजोगे फारसे काही उरलेले असणे शक्य नाही, आणि त्याच वर्षी बॅरिंजर वारले.

सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येणारा दगड जमिनीवर आदळला की त्याची गती क्षणात उष्णतेत बदलते. दगड नुसता फुटत नाही. वितळतो, बराचसा वाफ होऊन जातो. जो वाफ झाला त्याला शोधायचे कुठे? त्या वाफेत आणि वितळलेल्या जमिनीच्या शिंतोड्यांत. तप्त लोटातून उडालेले वितळलेले थेंब हवेतच थिजतात आणि खाली पडतात. लोणारचे काचकण असे थिजलेले थेंब आहेत. त्यांच्या आकारावरून ते कळतेच: काही अगदी गोल, काही अश्रूसारखे, काही डमरूसारखे मध्ये निमुळते, काही सूत काढायच्या चातीसारखे. स्थिर जागी वितळलेला दगड असे आकार घेत नाही. ते उडता उडता, गरगरताना मिळतात.

असा एक कण मी प्रथम पाहिला तो एका प्रयोगशाळेत, राळेत बसवून अर्धा घासलेला. नुसत्या डोळ्यांना काळा ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या ठिपक्यात प्रवाहाच्या रेघा होत्या, दोन रंगांचे पाक नीट न ढवळता थिजावेत तशा. आणि त्या रेघांवर मॅग्नेटाइटचे बारीक स्फटिक ओळीने लागले होते, तुळशीच्या मंजिरीसारखे. सावकाश थंड होणाऱ्या दगडात स्फटिकांना भरायला वेळ मिळतो. मंजिरीसारखे स्फटिक घाईचे असतात, भराभर थिजणाऱ्या थेंबातले. तो ठिपका काही क्षणांत पांढऱ्याशुभ्र उष्णतेतून काळ्या काचेत आला होता, आणि नंतर लाखो वर्षे तसाच राहिला. मी बराच वेळ डोळा हलवला नाही.

२००९ मध्ये मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कणांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. आजूबाजूच्या बेसाल्टच्या तुलनेत कणांमध्ये निकेल सरासरी हजारभर भागांनी जास्त होते, दहा लाख भागांत; काही ठिकाणी तर बेसाल्टच्या सरासरीच्या चौदापट. त्याच्या जोडीला क्रोमियम सुमारे दोनशे भागांनी आणि कोबाल्ट सुमारे पन्नास भागांनी अधिक. एकटे निकेल वाढलेले असते तर शंका घेता आली असती. पण तिघे मिळून वाढले होते, आणि साधारण ज्या प्रमाणात कॉन्ड्राइट अशनीत ते असतात त्याला जुळतील असे. लेखकांचा निष्कर्ष असा की येणारा दगड कॉन्ड्राइट होता आणि या कणांच्या वजनात १२ ते २० टक्के वाटा त्याचा आहे. वाचकाने हा हिशेब बोटांवर करून पाहावा. ज्या दगडात निकेल एक टक्का आहे, म्हणजे दहा लाखांत दहा हजार, त्याचा आठवा हिस्सा बेसाल्टमध्ये मिसळला तर वाढ बाराशेच्या आसपास येते. मोजलेली वाढ हजारभर. हिशेब जवळपास जुळतो. आकाशातून आलेला पाहुणा पूर्ण विरून गेला, पण जाताना आपला पत्ता या थेंबांत ठेवून गेला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लोणारच्या मोठ्या काचतुकड्यांत आणि वितळलेल्या दगडांत पाहुण्याचा अंश जवळजवळ दिसतच नाही. अशा नमुन्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना मिळाला तो अगदी नाममात्र वाटा. २०१९ मध्ये क्रोमियमच्या समस्थानिकांवरून जो अभ्यास झाला त्याने बोट दाखवले ते कार्बनयुक्त कॉन्ड्राइटकडे. बारीक कणांत भरपूर आणि मोठ्या तुकड्यांत जवळपास काही नाही, हा फरक मला विसंगती वाटत नाही. दगड जिथे आदळला तिथला सर्वांत तप्त, सर्वांत मिसळलेला भाग बारीक थेंब होऊन उडाला. खालचा, उशिरा वितळलेला दगड जवळजवळ निव्वळ बेसाल्टच राहिला. पण हे माझे आकलन आहे, आणि पुढच्या प्रकरणांत विरुद्ध बाजूही मी तितक्याच जागेत मांडली आहे.

वयाबाबतही असाच वाद आहे. उष्णतेने प्रकाशणाऱ्या काचेच्या पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे येत होते. २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापटींहून मोठा फरक. आर्गॉनचे वय मला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि तशी कारणे त्या प्रकरणात दिली आहेत. पाठ्यपुस्तकांत आणि माहितीफलकांवर अजूनही जुना आकडा दिसतो, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

निकेल आणि अशनी यांची सर्वांत मोठी भेट कॅनडातल्या सडबरीला झाली. १८८३ मध्ये रेल्वेमार्ग खोदताना तिथे धातूयुक्त दगड उघडा पडला आणि पुढे ती जगातली एक फार मोठी निकेल खाण ठरली. ते खोरे १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताचे आहे, असे प्रथम मांडले ते रॉबर्ट डीट्झ यांनीच, आणि तेही १९६४ मध्येच, लोणारविषयी लिहिले त्याच वर्षी. सडबरीचे निकेल मात्र आकाशातले नाही. आघाताने पृथ्वीचे कवच एवढे वितळले की त्यातलेच निकेल गंधकाबरोबर तळाशी गोळा झाले. म्हणजे सडबरीला निकेल अमाप आहे पण ते घरचे. लोणारला निकेल कणभर आहे पण पाहुण्याचे. बांधावरच्या काकांना मला हाच फरक सांगायचा होता. खाणीत माल किती हे महत्त्वाचे. इथे माल कुणाचा हे महत्त्वाचे.

निकेल हे नावच मुळी एका भुताचे आहे. जर्मन खाणकामगारांना तांब्यासारखा दिसणारा एक दगड सापडे, पण भट्टीत घातला तर त्यातून तांबे निघत नसे. खाणीतल्या खोडकर भुताने आपल्याला फसवले असे म्हणून त्यांनी त्या दगडाला नाव दिले ते त्या भुताचे. १७५१ मध्ये स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी त्या दगडातून नवा धातू वेगळा केला आणि नाव तेच ठेवले. जमिनीखाली दडलेला दैत्य आपल्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. दोघांचीही खरी ओळख पटली ती कोणीतरी झाकण काढून आत पाहिले तेव्हा.

आता ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

विवरातून उडालेला राडारोडा काठाबाहेर सव्वा किलोमीटरच्याही पुढपर्यंत पसरलेला आहे. तो दिसायला साधा मुरूम-माती-धोंड्यांचा थर. पण त्यात चुरडलेला बेसाल्ट आहे, वितळलेले गोळे आहेत, आणि काही जागी हे निकेल बाळगणारे कणही. तळ्याकडे सगळ्यांचे लक्ष आहे. २००० साली अभयारण्य झाले; २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर बातम्या झाल्या आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले; त्याच वर्षी रामसर यादीत नाव लागले. या साऱ्याचा मला मनापासून आनंद आहे. पण काठाबाहेरचा राडारोडा कोणाच्याच डोळ्यांत येत नाही. त्यावर घरे आहेत, रस्ते आहेत, शेते आहेत. पाया खणताना, विहीर काढताना, मुरूम उचलताना तो थर हलतो आणि एकदा हलला की त्याचा क्रम संपला. कुठला कण कशावर होता, कशाखाली होता, हे पुन्हा कोणालाही सांगता येणार नाही.

इतिहासाच्या वाचकाला पेशवे दफ्तर म्हणजे काय ते माहीत आहे. मोडीतले कागद रुमालात बांधलेले असतात तोवर त्यांतून काळ उभा करता येतो. रुमाल सोडून कागद वाऱ्यावर टाकले तर एकेक कागद उरेलही, पण दफ्तर राहत नाही. लोणारचा राडारोडा हे दफ्तर आहे.

यात आणखी एक धोका लोकांच्या उत्साहाचा आहे. चुंबक घेऊन काठावरच्या मातीतून फिरवला की त्याला काळी रेती चिकटते. पाहणाऱ्याला वाटते, अशनी सापडला. मीही पहिल्यांदा तसाच हरखलो होतो. ती रेती बहुतेक साध्या बेसाल्टमधून झिजून आलेल्या मॅग्नेटाइटची असते. मेहकरच्या किंवा चिखलीच्या नाल्यातही ती अशीच चिकटेल. लोणारजवळच्या अंबर तळ्याकडच्या मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकी दगडाची आहे असे लोक श्रद्धेने सांगतात. बेसाल्ट चुंबकत्व बाळगतो हे तर खरेच आहे. पण खरे काचकण शेकडो साध्या कणांत एखादा असतो आणि तो ओळखायला भिंग, सूक्ष्मदर्शक आणि अनुभव लागतो. खिशात घालून नेलेला मूठभर मुरूम घरी गेल्यावर नुसता मुरूम होतो. म्हणून माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे: बघा, हातात घ्या, भिंगातून न्याहाळा, आणि जिथून उचलले तिथेच ठेवून या.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिली प्रकरणे दख्खनच्या लाव्ह्याची आणि लोणारच्या थरांची आहेत. मधली आघात, मॅस्केलिनाइट आणि काचकणांची. त्यानंतर निकेल, क्रोमियम आणि कोबाल्ट यांच्या साक्षीचे सविस्तर प्रकरण आहे, आणि वयाचा वाद शेवटी. सूत्रे कमीत कमी ठेवली आहेत. जिथे आकडे दिले आहेत तिथे ते वाचकाला स्वतः मांडून पाहता येतील याची काळजी घेतली आहे. जिल्ह्यातल्या शाळांतल्या शिक्षकांनी हे पुस्तक घेऊन मुलांना विवराच्या उतारावर न्यावे आणि ते कललेले थर बोटाने दाखवावेत, अशी माझी मोठी इच्छा आहे. ज्यांनी मला कण दाखवले, नमुने हाताळायला शिकवले आणि हस्तलिखितातल्या चुका न कंटाळता दुरुस्त केल्या, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

पुढच्या वर्षी त्या बांधावर पुन्हा गेलो तेव्हा काका भेटले. शेताच्या कोपऱ्यात विहिरीचे काम काढलेले होते आणि निघालेला मुरूम ढिगाने पडला होता. मला पाहताच त्यांनी ढिगाकडे बोट केले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी एक कोपरा तसाच ठेवला भाऊ. खोदला नाही." मी त्या कोपऱ्यापाशी गेलो. खणलेल्या भिंतीत वरची काळी माती, खाली राडारोड्याचा करडा थर, त्याखाली मूळचा बेसाल्ट, सगळे एकावर एक नीट होते. काका माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि भिंगासाठी हात पुढे केला. कोणता थर काय सांगतो हे त्या दिवशी मला धड सांगता आले, आणि परतल्यावर मी या पुस्तकाचे पहिले पान लिहिले.